कोपऱ्यातलं बेलाचं पान

लातूर
१५ जून २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

तीर्थरूप अप्पांच्या चरणी,

अक्षराचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र लिहायचं हे अव्वानं ठरवलं. तुरुंगातून फोनला पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन ती रडते आणि उरलेली दोन तुम्ही तिला रडू नको म्हणून सांगता. कामाचं बोलणं राहूनच जातं. ती सांगेल तसं मी लिहीन आणि मधे जागा मिळेल तिथं माझं घुसडीन.

आधी कामाचं. काल वकीलबाईंचा फोन आला होता, त्याच, कोर्टानं आपल्याला फुकट दिलेल्या. म्हणाल्या की नांदेडच्या कोर्टानं सहा तारखेलाच तुमचा जामीन मंजूर केलाय. अव्वानं एवढंच ऐकलं आणि गोड हुग्गीच्या खिरीसाठी गहू भिजत घातले. पुढचं मी ऐकलं. तुमच्यासाठी जामीनदार उभा राहायला पाहिजे, आणि त्याच्या नावावर जमीन पाहिजे. सातबारा दाखवल्याशिवाय सही चालत नाही. आपल्याकडे भाड्याची खोली आणि कडुनिंबाखालची तुमची रंगाची पेटी, दोन्हीचा सातबारा निघत नाही.

घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, धोंडप्पा माणूस सोन्यासारखा, पण कोर्टाचं काम नको. किराणावाल्यांनी तर विचारायच्या आधीच मान हलवली. वकीलबाईंनी बिनजामीनदार सोडा असा अर्ज दिलाय, त्याला तारीख पडली आहे. आता राहिला गुरुबसप्पा मामा. त्याची तीन एकर आहे. अव्वा सोमवारी माहेरी जाऊन येणार. सख्खा भाऊ आहे, नाही म्हणायचा नाही, असं ती दिवसातून दहादा म्हणते. एकदाच म्हणाली असती तर मला जास्त खरं वाटलं असतं.

दर सोमवारी ती तुमचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुते. कुणी रंगात बुडवले नाहीत, तरी धुते. वाळले तर केस ताठ होतात, आल्यावर ते माझ्या नावानं ओरडतील, असं म्हणते. भिजवलेल्या गव्हाची शेवटी उसळ केली.

तब्येत सांभाळा. आमच्यावरची माया तिथल्या भिंतींनी आटू देऊ नका.

तुमची,
अक्षरा


नांदेड
२४ जून २०२५

सौ. नीलम्मास व चि. अक्षरास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. इथं आलेलं पत्र आधी साहेब वाचतात, मग आपल्याला मिळतं. गव्हाची उसळ केल्याचं वाचून साहेबही हसले. नीलम्मा, मी चौदा वेळा वाचलं. ब्रशांपाशी आलो की पुढं सरकत नाही.

इथं जेवण बरं आहे. वरणात डाळ शोधायला लागते, पण सापडली की आनंद होतो. तुझ्या हातचं काळं तिखट आठवलं की डोळ्यात पाणी येतं, म्हणजे ते इथूनही झोंबतं.

मी पेंटर आहे हे कळल्यावर जेलरसाहेबांनी बराकींचे नंबर रंगवायला दिले. सात बराकी केल्या. अक्षर बघून सगळे वाहवा म्हणाले. प्रत्येक आकडा झाला की हात आपोआप खालच्या कोपऱ्याकडे जायचा, बेलाचं पान काढायला. मी मागं घेतला. तेवीस वर्षं प्रत्येक पाटीवर तो तीन पानांचा बेल काढला. देवाचं नावही झालं आणि माझी सहीही झाली. तेच आडवं आलं.

चार महिने एकच गोष्ट डोक्यात फिरते. तो माणूस मोटारसायकल घेऊन आला, नंबर सांगितला, मी पाटीवर लिहिला. गाडीचे कागद मागितले नाहीत. मागितले की गिऱ्हाईक उठून पुढच्या पेंटरकडे जातं, आणि त्या नव्या सरकारी पाट्या आल्यापासून आठवड्याला दोन गिऱ्हाईकं राहिली होती. आपल्याकडे येणाऱ्यांच्या गाड्या चार हात फिरून आलेल्या, त्यांना तरी कुठले कागद? गाडी चोरीची निघाली. मुदखेडला पकडली, पाटीवरचा बेल कुणीतरी ओळखला. चोर पळाला, मी पेटीपाशीच बसलेलो होतो.

आता नीट ऐका. बारा ऑगस्टला कोर्ट आरोप वाचून दाखवणार आणि विचारणार, कबूल आहे का. बराकीतले जुने लोक सांगतात, कबूल म्हण. तोवर आत सहा महिने होतील, तेवढीच शिक्षा देतील आणि संध्याकाळी तू बसस्टँडवर असशील. वकीलबाई नको म्हणतात. पण त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जातात.

मला काही सुचत नाही. तुमच्या मनात काय आहे ते कळवा. अक्षरा, पोलीस भरतीचं पळणं चालू ठेव. घरात एक तरी माणूस पोलिसांच्या बाजूनं असावा.

आठवण काढत राहा. कमी पडली तर माझ्याकडे शिल्लक पुष्कळ आहे.

तुमचा,
धोंडप्पा


लातूर
२ जुलै २०२५

ती. अप्पांस,

शि. सा. न. वि. वि. खालचं अव्वा बोलते तसं लिहिते. तिनं बजावलंय की शब्द बदलायचा नाही.

"तुम्ही कसंबी या. कबूल म्हणा, नाहीतर काय बी म्हणा. कागदावर त्यांनी चोर लिहिलं तर लिहू द्या, मला ठाव हाय माझा माणूस काय हाय ते. कागद काय रातच्याला उठून पाणी मागत न्हाई. तुमच्या अंथरुणाची घडी मी अजून मोडली न्हाई. लई झालं आता. या."

अव्वा पाण्याला गेली. आता माझं. अप्पा, कबूल म्हणू नका. तुम्ही एकदा कबूल म्हटलंत, तर ते खरंच होऊन जाईल. मी कुणाला सांगू की माझ्या वडिलांनी घरी यायची घाई झाली म्हणून चोरी केली? मलाही तुम्ही हवे आहात. सकाळी मैदानावरून येताना कडुनिंबाखालच्या पेटीकडे बघायचं नाही म्हणून मी मागच्या गल्लीनं येते. पण चोर होऊन आलेले अप्पा मला ओळखू येणार नाहीत.

मामाकडचं सांगायचं राहिलं. मामा हो म्हणाला होता. सातबारा काढायला गेले तर तो अजून अज्जाच्या नावावर. अज्जाला जाऊन अकरा वर्षं झाली. वकीलबाई म्हणाल्या, मेलेला माणूस जामीन राहत नाही, वारसांची नोंद करा. वारस म्हणजे मामा आणि अव्वा. तलाठ्यांनी सांगितलं, अर्ज द्या, नोटीस निघेल, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर दोघांची नावं लागतील. मग अव्वा स्वतःच तुम्हाला जामीन राहू शकते.

तिथून पुढं मामा बोलेनासा झाला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात बहिणी हक्कसोड देतात. अव्वानं अज्जाचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की मला वाटा नको, पंचमीला बोलावणं तेवढं येऊ द्या. कागद करायचे राहिले, शब्द दिलेला आहे. मामी ताट वाढून बसली होती, अव्वा जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आली, पिशवीत मामानं घातलेली दोन शेर तुरीची डाळ.

लवकर लिहा. आमच्या दोघींचं भांडण तुमच्या पत्रावाचून मिटत नाही.

तुमची,
अक्षरा


मु. करडवाडी, ता. उदगीर
८ जुलै २०२५

चि. सौ. नीलम्मा हिस,

गुरुबसप्पाचे अनेक आशीर्वाद. तू न जेवता गेलीस. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेवढा एक फायदा झाला.

मला अक्षराएवढं लिहिता येत नाही, थोडक्यात लिहितो. धोंडप्पांविषयी माझ्या मनात काडीचं किल्मिष नाही. आपल्या विहिरीवरच्या खोलीवर बाबांचं नाव त्यांनीच रंगवलंय, तुझ्या लग्नाच्या साली. ते रोज बघतो.

पण तुझं नाव सातबाऱ्यावर लावायचं आणि त्यावर कोर्टाचा जामीन घ्यायचा, हे मला झेपत नाही. खटला किती वर्षं चालेल ते कोण सांगणार? तोवर माझ्या शेतावर कोर्टाची सावली. धोंडप्पा एका तारखेला आजारी पडले, गाडी चुकली, तर नोटीस कुणाच्या दारात येणार? श्रीमंताची तारीख चुकली तर वकील सांभाळतो. आपली चुकली तर शेत जातं. भाऊबंदांना आधीच निमित्त हवंय.

आणि खरं सांगू का? अकरा वर्षं मी ती नोंद केली नाही ती कंटाळ्यानं नाही. उताऱ्यावर बाबांचं नाव आहे तोवर ते कुठंतरी आहेत असं वाटतं. नोंद झाली की जुनं नाव कंसात जातं, आणि बाबांच्या नावाला कंस पडलेला मला बघवणार नाही.

तू बाबांना शब्द दिला होतास. मी आठवण करून देतोय असं समजू नकोस. पण दिला होतास.

रागावू नकोस म्हणत नाही. रागाव, पण माझी राहून रागाव.

तुझा,
अण्णा


नांदेड
१६ जुलै २०२५

सौ. नीलम्मास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र अक्षरानं वाचून दाखवताना काही गाळायचं नाही.

अण्णांचं पत्र तू फोनवर सांगितलंस. ते बरोबर आहेत. लग्न झाल्यापासून मी तुला काय दिलं? भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या, एक पत्र्याची पेटी दिली. तुझं स्वतःचं असं एकच राहिलंय, ते माहेर. पंचमीच्या आधी आठ दिवस तू पिशवी भरून ठेवतेस आणि मला चहासुद्धा विसरतेस, ते मी तेवीस वर्षं बघतोय. माझ्यापायी ते दार बंद झालं, तर घरी येऊन मी तुझ्या तोंडाकडे कसा बघू?

म्हणून ठरवलंय. बारा तारखेला कबूल म्हणतो. अक्षरा, तू रागावशील. पण माझ्या खऱ्याखोट्याची इथं कुणाला पडलेली नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचं खरं घरी बसून ठरतं. माझं इथं बसून ठरायला अजून दोन वर्षं लागतील. मला तुमच्याजवळ यायचंय. पहाटे तू चूल... आता गॅस आहे, पण मला चूलच आठवते, तिच्यापाशी बसून तू माझ्यावर करवादतेस, ते ऐकायचंय. एवढ्यासाठी मी कशालाही हो म्हणेन.

तू अर्ज देऊ नकोस. पंचमीला जा. माझ्या वाट्याचा एक झोका घे.

तुझा,
धोंडप्पा


लातूर
७ ऑगस्ट २०२५

ती. अप्पांस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. या आठवड्यात तुमचा फोन आला नाही, वकीलबाई बाहेरगावी आहेत. पत्र बारा तारखेच्या आत तुमच्या हातात पडू दे.

अव्वानं तुमचं ऐकलं नाही. खरं म्हणजे तुमचं पत्र यायच्या आधीच, दहा जुलैला, तिनं तलाठ्यांकडे अर्ज दिला होता. मलाही नंतर सांगितलं, आणि नोंद होईपर्यंत तुम्हाला फोनवर सांगू दिलं नाही. मामाला नोटीस गेली. पंधरा दिवस अव्वा रोज सकाळी म्हणायची, आज हरकत घेईल. शेवटच्या दिवशी आम्ही चावडीत गेलो तर मामा आधीच येऊन बसलेला. दुसऱ्या बाकावर. अव्वाकडे बघितलं नाही. तलाठ्यांनी कागद पुढं केला, त्यावर हरकत नाही असं लिहून सही केली, आणि चहा न घेता निघून गेला. टोपी बाकावर विसरला, ती अव्वाकडे आहे.

पंचमीला बोलावणं आलं नाही. अव्वानं पिशवी भरली होती. संध्याकाळपर्यंत दारात बसली. मग एकेक लुगडं काढून परत ठेवलं. तिनं रडावं असं मला वाटत होतं, ती रडली नाही.

चार तारखेला नोंद मंजूर झाली. उताऱ्यावर अज्जाचं नाव कंसात गेलं आणि खाली दोन नावं आली. अव्वाला वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठलं ते तिनं विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. जामिनाला लागणारा तहसीलचा ऐपतीचा दाखला अठरापर्यंत मिळेल. मग आम्ही दोघी नांदेडला येतो.

अव्वा सांगते ते लिहिते. "आधी मी म्हणलं होतं, कसंबी या. ते माघारी घेते. मी माझं माहेर घालवून तुम्हाला आणायला निघाले. आता तुम्ही चोर होऊन आलात तर मी दोन्हीकडून गेले. आठ दिस कळ काढा."

अप्पा, कबूल म्हणू नका. एवढंच.

तुमची,
अक्षरा


नांदेड
१३ ऑगस्ट २०२५

सौ. नीलम्मास व चि. अक्षरास,

आशीर्वाद. तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. नीलम्मा, मला माफ कर. माझ्या हातून संधी गेली.

काल कोर्टात नेलं. कबूल म्हणायचं हे मी गाडीत बसल्यापासून घोकत होतो. एकच शब्द होता. गर्दीत दीड तास बसलो, मग पुकारा झाला. साहेबांनी आरोप वाचला. टेबलावर जप्त केलेल्या वस्तू ठेवल्या होत्या, त्यात ती पाटी होती. पिवळ्या दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. सहा महिन्यांनी बघितली. आठाचं पोट जरा मोठं झालंय, त्या दिवशी उन्हात रंग पातळ झाला होता. आणि कोपऱ्यात बेल.

साहेबांनी विचारलं. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "नाही साहेब. चोरीचं काम असतं तर मी खाली सही केली नसती."

साहेबांनी पाटी हातात घेऊन कोपरा बघितला, लेखनिकाला काहीतरी लिहायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. बस्स. परत आलो तर बराकीतले लोक म्हणाले, मूर्ख आहेस. तेच खरं असेल. मला घरी यायचं होतं आणि मी एका पत्र्याच्या तुकड्यासाठी नाही म्हणालो. रात्रभर माझं अंथरूण डोळ्यापुढं होतं, घडी न मोडलेलं. आता किती दिवस ते ठाऊक नाही. कशी राहशील?

१४ ऑगस्ट. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात तुमचं सात तारखेचं हातात पडलं. तीन दिवस ते पत्रं वाचणाऱ्या साहेबांच्या टेबलावरच होतं. आता काय लिहू? आठ दिवस म्हणजे काहीच नाही. पण नीलम्मा, तू पंचमीला दारात बसलीस ते मी वाचलं, आणि सुटायचा आनंद घशाखाली उतरत नाही.

पिशवी पुन्हा भरून ठेव. मी स्वतः तुला पोचवायला येईन. त्यांनी दार उघडलं नाही तर आपण दोघं बांधावर बसून भाकरी खाऊ.

तुमचाच,
धोंडप्पा


मु. करडवाडी, ता. उदगीर
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नीलम्मा हिस व रा. रा. धोंडप्पांस,

गुरुबसप्पाचे अनुक्रमे आशीर्वाद व शरणार्थ. धोंडप्पा एकवीस तारखेला घरी पोचल्याचं अक्षरानं फोनवर कळवलं. तुझी वहिनी ऐकून देवापुढं साखर ठेवून आली. मी शेतात गेलो. तिथं कुणी बघत नाही.

नीलम्मा, एक गोष्ट तुला माहीत असावी. त्या पंधरा दिवसांत मी तीनदा हरकत लिहून चावडीपर्यंत गेलो होतो. तिन्ही कागद माझ्या जुन्या सदऱ्याच्या खिशात आहेत. शेवटच्या दिवशीही एक खिशात होता. तू समोर बसलीस, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, बाबा दवाखान्यात असताना बसायचीस तशी. मग मी हरकत नाही असं लिहिलं. लिहिताना पुन्हा तुझ्याकडे बघितलं असतं तर मला लिहिता आलं नसतं.

पंचमीला बोलावलं नाही ते रागानं नव्हे. बोलावलं असतं तर तू आली असतीस. ताटावर बसल्यावर मी एक शब्द बोललो असतो, आणि तू उठून अर्ज मागं घेतला असतास. तुला मी ओळखतो. आणि मी तो शब्द बोललो असतो, मलाही मी ओळखतो. नोंद मंजूर झाल्यावर बोलवायचं, तर लाज वाटली. लाजेत तीन आठवडे गेले.

खटला चालेल तितका चालू दे. संपल्यावरही हक्कसोडीचा कागद घेऊन येऊ नकोस. मी सही करणार नाही. तारखेला धोंडप्पांची गाडी चुकणार नाही, याची जबाबदारी माझी. आदल्या दिवशी मी लातूरला येऊन बसेन.

धोंडप्पा, विहिरीवरच्या खोलीवरचं बाबांचं नाव पावसानं पुसट झालंय. ते परत रंगवा, आणि त्याखाली आम्हा भावाबहिणीची नावं लिहा. पत्रा नाही, भिंत आहे, कागद मागायची गरज नाही. कोपऱ्यात बेलाचं पान काढा. तुरुंगात आकड्यांखाली तुम्ही ते काढलं नाहीत असं अक्षरा म्हणाली. न काढता उतरलात तर शिडी काढून घेईन.

नीलम्मा, माझी टोपी घेऊन ये. पंचमीला नेहमीप्रमाणे चिंचेला झोक्याचा दोर बांधला होता. कुणी बसलं नाही. पोरं येतात, त्यांना हाकलतो. तुझी वहिनी रोज म्हणते, आता सोडा. अजून सोडला नाही.

तुझा,
अण्णा